दुकानात मांडलेला, उघडलेला नग ‘नवा’ म्हणून विकणे : कायदा, पुरावा आणि आपली बाजारपेठ

खाडीपल्याड

गणपतीच्या आधीचे काही आठवडे आपल्या कोकणातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत सर्वाधिक विक्रीचे असतात. चाकरमानी यायचे असतात, घराला रंग लागलेला असतो आणि टीव्ही, फ्रीज किंवा वॉशिंग मशीन बदलायचे तर ते याच मुहूर्तावर बदलले जाते. दुकानाच्या दर्शनी भागात वर्षभर मांडून ठेवलेले नगही याच गर्दीत बाहेर पडतात. ते सांगून, सवलतीत विकले गेले तर माझी काहीही हरकत नाही. माझी हरकत ते खोक्यात परत भरून, नवी चिकटपट्टी लावून, पूर्ण किमतीला आणि न सांगता विकण्याला आहे. या धाग्यावर चर्चा तेवढ्याच मुद्द्याची व्हावी, ही विनंती.

आमचे प्रकरण थोडक्यात असे आहे. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आईवडिलांसाठी जवळच्या बाजारपेठेतून त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. खोक्यावर कंपनीच्या छापील पट्टीवर साधी पारदर्शक पट्टी दुसऱ्यांदा लावलेली होती, परंतु वाहतुकीत असे होत असेल असे समजून वडिलांनी खोके उतरवून घेतले. नवा टीव्ही पहिल्यांदा चालू केला की भाषा, देश, वायफाय आणि टीव्ही घरी वापरणार की दुकानात, असे प्रश्न विचारतो. आमचा टीव्ही यातले काहीही न विचारता थेट मुख्य पडद्यावर आला. वायफायच्या यादीत एक नेटवर्क आधीपासून जतन केलेले होते आणि त्याचे नाव त्या दुकानाचेच होते.

दुकानदारांना फोन केला तेव्हा पहिले उत्तर मिळाले की कंपनी कारखान्यात चाचणी घेते. नेटवर्कच्या नावाचा उल्लेख केल्यावर उत्तर बदलले आणि एका गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी खोके एकदाच उघडले होते, असे सांगण्यात आले. शेवटी ते म्हणाले, “वॉरंटी तर पूर्ण आहे ना, मग तुमचे नुकसान काय झाले?”

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला नीट मांडता यावे, यासाठी हा धागा काढला आहे. माझ्या मते वॉरंटी बिघाडाची जबाबदारी घेते. वस्तूचे जे आयुष्य माझ्या घरी येण्यापूर्वीच खर्च झाले त्याची भरपाई ती करत नाही. मी पैसे मोजले ते पूर्ण आयुष्य असलेल्या वस्तूचे. दुसरी अडचण घरातली आहे. हे दुकान आमच्या घराला दोन पिढ्या उधारीवर माल देत आले आहे आणि ‘टीव्ही चालतोय ना, मग कशाला तोंडे वाकडी करायची’ असे वडिलांचे म्हणणे आहे. कायद्याची बाजू, पुरावा कसा जपावा आणि मागणी नेमकी कशाची करावी, या तिन्हींवर जाणकारांनी लिहावे.

पान्हापक्कड

मी कुडाळ परिसरात घरगुती उपकरणांची दुरुस्ती आणि जोडणी करतो, त्यामुळे पुराव्यापुरते लिहितो.

जतन केलेले नेटवर्क हा उत्तम पुरावा आहे. टीव्ही ‘फॅक्टरी रीसेट’ करू नका आणि दुकानाच्या माणसालाही करू देऊ नका, कारण रीसेट झाल्यावर ती यादी पुसली जाईल. त्या पडद्याचा व्हिडिओ आजच घ्या आणि टीव्हीच्या मागचा सिरीयल नंबर त्याच सलग चित्रीकरणात दिसू द्या. त्यानंतर मागचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकमेकांशी ताडून पाहा. मांडलेल्या नगाचे मूळ खोके पुष्कळदा फाटलेले किंवा हरवलेले असते, तेव्हा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या खोक्यात तो भरला जातो आणि नंबर जुळत नाहीत. बिलावर सिरीयल नंबरच लिहिलेला नसेल, तर तेही पत्रात नमूद करा.

बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हीमध्ये तंत्रज्ञांसाठी एक वेगळा सर्व्हिस मेन्यू असतो आणि त्यात पडदा एकूण किती तास चालला याची नोंद सापडते. तो स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नका, कारण त्यातली एखादी सेटिंग चुकून बदलली तर टीव्ही बंद पडू शकतो. कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवा, त्यांच्या माणसाकडून तो आकडा काढून घ्या आणि त्याच्या भेटीच्या कागदावर लिहून घ्या.

‘नुकसान काय’ याचे उत्तर हिशेबानेच देतो. दुकानात टीव्ही रोज दहा तास चालला असे धरले तर सहा महिन्यांत साधारण १८०० तास होतात. घरी रोज चार तास टीव्ही पाहणाऱ्या माणसाला तेवढे तास वापरायला सव्वा वर्ष लागेल. त्यातही दुकानातला टीव्ही ‘स्टोअर मोड’मध्ये, म्हणजे भगभगीत उजेडावर आणि भडक रंगांत चालवलेला असतो. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागचे दिवे तासांबरोबर आणि उजेडाबरोबर मंदावत जातात. ओएलईडी पडद्यावर तर एकच जाहिरात फिरत राहिल्यास त्यातल्या स्थिर चिन्हाचा डाग कायमचा उमटू शकतो.

किनाऱ्यावरच्या दुकानांची आणखी एक गोष्ट आहे, ती घाटावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. खोक्यातला नग प्लास्टिकच्या पिशवीत आणि थर्माकोलमध्ये बंद असतो. मांडलेला नग मात्र खारे वारे आणि चार महिन्यांचा पावसाळा उघड्यावर सोसतो. अशा नगाच्या मागची जोडणीची भोके टॉर्च मारून पाहिली तर धातूवर हिरवट किंवा पांढरट थर दिसतो. रिमोटच्या सेलच्या स्प्रिंगवरही तो येतो. खोक्यातून आत्ताच काढलेल्या टीव्हीत असा थर दिसला, तर तो नग किती दिवस बाहेर होता हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

ओरोसची फेरी

वरील तांत्रिक प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. आता कायद्याबद्दल लिहितो.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचे हे सांगितले आहे. वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या, नूतनीकरण केलेल्या किंवा जुन्या वस्तू नव्या आहेत असे खोटे भासवणे, हा त्यातला एक स्पष्ट प्रकार आहे. याच कलमात बिल न देणे हाही प्रकार येतो. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच ठरते. म्हणून बिलाच्या तळाशी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला की आपले हक्क संपले, असे समजू नये.

तुमच्या प्रकरणात प्रतिपक्ष एक युक्तिवाद नक्की करील, त्याची तयारी आधीच ठेवा. मांडलेला नग म्हणजे ‘वापरलेला’ किंवा ‘जुना’ नव्हे, कारण तो कोणाला विकलाच गेला नव्हता, असे सांगितले जाईल. एखाद्या गिऱ्हाइकासाठी खोके एकदा उघडून लगेच बंद केले असेल, तर या युक्तिवादात काही तथ्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु महिनोन्महिने चालवलेल्या पडद्याला नवा म्हणणे टिकणे कठीण आहे. म्हणून तासांचा आकडा हाच तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. तो मिळाला नाही, तरी वस्तूचा दर्जा, प्रत आणि किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क कलम २(९) मध्ये ग्राहकाला दिलेला आहे आणि ती माहिती लपवली गेली एवढे तरी तुम्हाला दाखवता येईल.

मागणी काय करावी, तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू बदलून देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा आणि भरपाई व खर्च देण्याचा आदेश करू शकतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावणे बंधनकारक नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणी मागण्याची तरतूदही कायद्यात आहे. गुहागरहून रत्नागिरी गाठायची म्हणजे तवसाळला फेरीबोट धरायची किंवा चिपळूणचा वळसा घ्यायचा, त्यामुळे ही तरतूद तुमच्या फारच उपयोगाची आहे.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. ती बंधनकारक आदेश देत नाही, पण कंपनीच्या मुख्यालयापर्यंत विषय पोहोचतो आणि स्थानिक दुकानदारापेक्षा कंपनीला आपल्या नावाची काळजी अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

सुरंगी

आमच्याकडे राजापूरला हेच मिक्सरच्या बाबतीत झाले होते. भांड्याच्या पात्याखाली वाळलेल्या चटणीचा थर सापडला. दुकानदाराने एक शब्द न बोलता बदलून दिला, त्यामुळे पुढे काही केले नाही. पण तो परत गेलेला मिक्सर नंतर कुठे गेला असेल, हा विचार अधूनमधून मनात येतो.

गल्ल्यामागून

माझे स्वतःचे कणकवली भागात उपकरणांचे दुकान आहे. धागाकर्तीच्या बाबतीत जे झाले त्याचे मी समर्थन करत नाही. नेटवर्कचे नाव पुसण्याचेही कष्ट न घेता नग विकणाऱ्या माणसाने आम्हा सर्वांना मान खाली घालायला लावली आहे. तरीही हा प्रकार का घडतो हे समजले नाही, तर चर्चा केवळ शिव्या देण्यापुरती उरेल, म्हणून चार गोष्टी लिहितो.

मोठ्या साखळी दुकानांत मांडणीचा खर्च पुष्कळदा कंपनी सोसते. माझ्यासारख्या तालुक्याच्या दुकानदाराला मात्र मांडायचा नगही बहुधा खरेदी किमतीलाच घ्यावा लागतो. गिऱ्हाईक चित्र पाहिल्याशिवाय टीव्ही घेत नाही आणि दार उघडून पाहिल्याशिवाय फ्रीज घेत नाही, हे योग्यच आहे. म्हणजे प्रत्येक मॉडेलचा एक नग उघडावाच लागतो. वर्षभरात मॉडेल बदलते, जुन्याची किंमत उतरते आणि तो नग अंगावर पडतो. सवलत द्यायची तर ती माझ्या नफ्यातून नव्हे, कित्येकदा मुद्दलातून द्यावी लागते. अशा वेळी गर्दीच्या दिवसांत तो ‘नवा’ म्हणून सरकवून देण्याचा मोह होतो आणि काही जण त्याला बळी पडतात.

आता गिऱ्हाइकांची बाजूही ऐका. ‘डिस्प्लेचा नग आहे, दोन हजार कमी घेतो’ असे प्रामाणिकपणे सांगितले की पुष्कळ माणसे तो अर्ध्या किमतीला मागतात आणि मिळाला नाही की ‘हा दुकानदार वापरलेला माल विकतो’ असे गावभर सांगतात. दुसरा प्रकार असा की, नवे खोके इथेच उघडून चालू करून दाखवा, असा आग्रह धरायचा आणि मग रंग आवडला नाही म्हणून दुसरे मागायचे. तो पहिला उघडलेला नग मी कोणाला आणि काय म्हणून विकावा, हा प्रश्न मला कायद्याच्या जाणकारांना खरोखर विचारायचा आहे.

मी स्वतः असे नग वेगळ्या रांगेत ठेवतो, बिलावर ‘डिस्प्ले नग’ असे लिहितो आणि सिरीयल नंबर टाकतो. त्यामुळे विक्री मंदावते हे खरे आहे. परंतु वर्षानुवर्षे तीच माणसे समोर येणार असतात, एकाच जत्रेत आणि एकाच लग्नमांडवात भेटणार असतात.

खाडीपल्याड

गल्ल्यामागून, आपला प्रतिसाद प्रामाणिक आहे आणि त्याबद्दल आभार. परंतु आपल्या शेवटच्या वाक्यातली ओळख दोन्ही बाजूंनी काम करते, हे आमच्या घरी दिसते आहे. दुकानदाराला ओळखीची भीड वाटायला हवी होती, तिथे ती वडिलांनाच वाटते आहे. अडीअडचणीला हप्ता थांबवणाऱ्या माणसाला नोटीस कशी पाठवायची, असे ते विचारतात. मला वाटते की अनोळखी शहरी गिऱ्हाईक भांडेल म्हणून त्याला नवे खोके मिळते आणि ओळखीचे गिऱ्हाईक बोलणार नाही म्हणून त्याला उघडलेले मिळते. हा माझा तर्क आहे, आरोप नव्हे.

मोडतोड किंमत मागणाऱ्या गिऱ्हाइकांविषयी आपण लिहिले ते पटले. त्यावर उपाय ठरलेली, लिहिलेली किंमत हाच असू शकतो.

ओरोसची फेरी

गल्ल्यामागून यांच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. गिऱ्हाइकाच्या आग्रहाने उघडलेला आणि परत आलेला नग विकायला कोणतीही बंदी नाही. तो ‘उघडलेला, न वापरलेला’ असे बिलावर लिहून, खरेदीदाराची सही घेऊन, हव्या त्या किमतीला विकावा. वस्तू उघडी असणे हा कायद्यात गुन्हा नाही. तिच्याविषयी खोटे भासवण्याला मनाई आहे. लेखी नोंद ही दुकानदाराचीही ढाल आहे. उद्या कोणी ‘मला सांगितले नव्हते’ म्हणाले तर आपल्या हातात कागद असतो.

झावळी

तारकर्लीला आमचा तीन खोल्यांचा होमस्टे आहे आणि मी मुद्दाम मांडलेले नग शोधून घेतो. पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही किती तास चाललेला आहे याने फरक पडत नाही आणि किमतीत चांगली बचत होते. माझी अडचण निराळी आहे. मागच्या हंगामात घेतलेल्या दोन एसींपैकी एक ‘नवा’ म्हणून बिलावर होता, पण त्याच्या बाहेरच्या भागाच्या पत्र्यांवर पांढरी बुरशीसारखी खार जमलेली होती. तक्रार करू म्हटले तर एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही. हे खरे आहे का?

ओरोसची फेरी

अर्धे खरे आहे. व्यापारी उद्देशाने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. परंतु त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणे हा व्यापारी उद्देश मानला जाणार नाही. आपण आणि घरची माणसे मिळून तीन खोल्या चालवत असाल तर त्या आधारे तक्रार मांडता येते, मात्र उपजीविकेचा उल्लेख तक्रारीतच स्पष्ट करा. समजा ग्राहक म्हणून दार बंद झाले, तरी १९३० चा मालविक्री कायदा आहेच. त्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनाने विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि वेळ अधिक लागतो.

पान्हापक्कड

झावळी, एसीच्या बाबतीत घाई करून निष्कर्ष काढू नका. दुकानाच्या भिंतीवर टांगलेला आतला भाग पुष्कळदा नुसता दाखवण्यापुरता असतो, त्यातून गॅस कधी फिरलेलाच नसतो. पाहायचा तो बाहेरचा भाग. कारखान्यातून तो गॅस भरून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून आणि तोंडावर टोपणे घट्ट बसवून येतो. टोपणांवर पान्ह्याचे ओरखडे असतील, किंवा पाइप जोडायच्या तोंडावर आधी आवळल्याच्या खुणा असतील, तर तो नग एकदा बसवून काढलेला आहे. नुसती खार असेल तर तो गोदामात उघडा पडलेला असू शकतो, आणि मालवणात गोदाम समुद्रापासून लांब असणार तरी किती!

धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी आणखी काही खुणा लिहून ठेवतो, कारण खोट्या खुणांवरून भांडणेही होतात. वॉशिंग मशीनच्या नळीतून पाण्याचे दोन थेंब आले म्हणून ती वापरलेली ठरत नाही. कारखान्यात पाणी भरून चाचणी घेतात, त्यातले थोडे आत राहते. समोरून दार असलेल्या मशीनला मात्र मागच्या बाजूने वाहतुकीचे बोल्ट लावलेले असतात आणि ते घरी बसवताना काढतात. बंद खोक्यातून मशीन बोल्टाशिवाय निघाली, तर ती आधी कुठेतरी बसवलेली होती का, हे विचारा.

फ्रीज आणि एसीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ताऱ्यांचे लेबल असते आणि त्यावर ते किती काळासाठी लागू आहे हे छापलेले असते. एसीचे निकष जुलै २०२२ पासून आणि फ्रीजचे जानेवारी २०२३ पासून कडक झाले, म्हणजे त्याआधीच्या लेबलवरचे पाच तारे आणि त्यानंतरचे पाच तारे एकसारखे नाहीत. जुन्या काळाचे लेबल असलेला नग वर्षानुवर्षे कोपऱ्यात मांडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. लॅपटॉप असेल तर बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली त्याचा आकडा संगणकाच्या अहवालात मिळतो; नव्याचा तो नगण्य असतो. प्रिंटर चाचणीचे पान काढतो, त्यावर बऱ्याचदा एकूण छापलेल्या पानांचा आकडा येतो.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणमधून लिहितो आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची बाजारपेठ पाण्याखाली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून मी स्वतः कोणतेही उपकरण स्वस्तात मिळू लागले की पहिल्यांदा ते पाण्यात भिजले होते का, हे विचारतो. आमच्या कितीतरी दुकानदारांनी भिजलेला माल डोळ्यांदेखत फेकून दिला आणि कर्जे काढून पुन्हा उभे राहिले, त्यामुळे मी कोणावर संशय घ्यायला हा विषय काढत नाही. मुद्दा एवढाच आहे की ‘डिस्प्लेचा नग’ हे शब्द कधीकधी त्याहून वाईट गोष्ट झाकण्यासाठी वापरले जाऊ शकतात. म्हणून बिलावर नुसते ‘डिस्प्ले’ लिहून भागत नाही. कधीपासून मांडला होता आणि तो चालवला जात होता की नाही, हेही लिहिलेले असावे, असे मला वाटते.

एक शंका आहे. खोक्यावर किमतीची दोन स्टिकरे एकावर एक असणे हाही उघडल्याचा पुरावा धरावा का?

गल्ल्यामागून

धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आधीच्या मालावर सुधारित किमतीची स्टिकरे लावली गेली. त्यामुळे दोन किमती दिसणे हे स्वाभाविक असू शकते. निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. आवेष्टित, म्हणजे बंद खोक्यात विकल्या जाणाऱ्या, वस्तूंच्या नियमांनुसार ते खोक्यावर छापणे आवश्यक आहे. तो महिना फार जुना असेल तर माल तरी जुना आहे एवढे कळते, उघडला होता की नाही ते कळत नाही.

वाशिष्ठीकाठ यांची सूचना मला मान्य आहे. ‘अमुक महिन्यापासून दुकानात मांडलेला, चालू स्थितीत’ असे लिहायला मला यापुढे अडचण नाही.

घाटमाथ्यावरून

आम्ही सावंतवाडीचे, मोठी खरेदी कधी कोल्हापूरला होते, कधी गोव्यात म्हापशाला. मोबाइलबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. खोके बंद दिसत असूनही फोन आधी चालू झालेला असू शकतो. *#०६# दाबल्यावर येणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते पाहता येते. आमच्या एका नातेवाइकांच्या फोनची वॉरंटी खरेदीच्या कित्येक महिने आधीच सुरू झालेली निघाली. दुकान परराज्यात असेल तर तक्रार तिथेच करावी लागते का?

ओरोसची फेरी

लागत नाही. २०१९ च्या कायद्याने हा मोठा फरक केला आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हापशाच्या खरेदीची तक्रार सिंधुदुर्गनगरीला होऊ शकते.

वॉरंटीच्या तारखेबाबत बिल दाखवून कंपनीकडे दुरुस्तीची लेखी मागणी करावी. ती तारीख दुरुस्त झाली म्हणून नग नवा ठरत नाही, हे मात्र विसरू नये.

खाडीपल्याड

पुढची हकिगत कळवते. सेवा केंद्राचा माणूस येऊन गेला. त्याने मेन्यू उघडून तासांचा आकडा दाखवला आणि तो चार अंकी आहे. भेटीच्या कागदावर त्याने तो लिहून दिला, हे त्याचे सौजन्य. त्यानंतर मी दुकानाला नोटीस न पाठवता साधे पत्र लिहिले, वडिलांच्या सहीने आणि वडिलांच्याच भाषेत. त्यात आरोपाचा एकही शब्द नाही. बिलाचा क्रमांक, सिरीयल नंबर, तासांचा आकडा आणि ‘बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी’ एवढेच आहे. सोबत व्हिडिओ आणि कागदाची प्रत जोडली.

दुकानदारांनी आधी काही हजार रुपये परत देऊन विषय मिटवण्याचा प्रस्ताव ठेवला. वडील तयार झाले होते, परंतु ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितल्यावर तेच मागे सरले. आता नवा नग देण्याचे ठरले आहे आणि खोके कंपनीच्या माणसासमोर आमच्या घरी उघडले जाईल.

सुरंगी

छान झाले. पण माझ्या मिक्सरचा प्रश्न इथेही उरतोच. तुमचा तो टीव्ही आता पुन्हा दुकानात जाणार आणि दिवाळी जवळ आली आहे.

खाडीपल्याड

हो, तोच विचार करून पोचपावतीचा मजकूर मी लिहून नेणार आहे. ‘खालील सिरीयल नंबरचा, चालवलेला डिस्प्ले नग परत मिळाला’ असे त्यात असेल, त्याखाली तासांचा आकडा असेल आणि दुकानाचा शिक्का घेतला जाईल. एक प्रत कंपनीच्या सेवा केंद्राला ईमेलने जाईल, म्हणजे तो नंबर पुढे कोणाच्या नव्या बिलावर आला आणि त्या माणसाने वॉरंटी नोंदवली, तर निदान तिथे त्याची नोंद सापडेल. सेवा केंद्र अशी नोंद ठेवते का, हे पान्हापक्कड यांनी सांगावे.

पान्हापक्कड

सिरीयल नंबरवर झालेली प्रत्येक भेट त्यांच्या संगणकावर राहते. तुमच्या घरची भेट त्या नंबरवर आधीच चढलेली असणार. नवे गिऱ्हाईक जोडणीसाठी फोन करील तेव्हा येणाऱ्या माणसाला ती दिसू शकते. तो बोलेल की नाही, हे त्याच्यावर आहे. ईमेलच्या विषयात नंबर लिहा आणि उत्तर म्हणून आलेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.